स्कंदन आणि संधान : कृत्रिम रक्तवाहिनीची कथा

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजा तारापूरच्या किल्ल्याला भिडल्या. हा किल्ला पोर्तुगीजांचा. तटाखाली सुरुंग उडाले, खिंडारांतून माणसे आत घुसली आणि हातघाईची लढाई होऊन किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. बखरकार आणि पत्रलेखक पडलेल्या सरदारांची नावे सांगतात. परंतु ज्यांच्या मांडीत गोळी शिरली, ज्यांच्या दंडावर तलवारीचा घाव बसला आणि जे त्या घटकेला मेले नाहीत, त्यांचे पुढे काय झाले हे कोणी फारसे सांगत नाही. आज आम्हांला त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे. हातापायाची मोठी रक्तवाहिनी तुटलेल्या माणसाला अठराव्या शतकात दोनच वाटा मोकळ्या होत्या. रक्त थांबले नाही तर मृत्यू. आणि वाहिनी घट्ट बांधून रक्त थांबवले तर पुष्कळदा तो अवयव निर्जीव होऊन जाई. जीव वाचवावयाचा तर पाय द्यावयाचा, असा हा व्यवहार होता.

तिसरी वाट सापडण्यास पुढे दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. फाटलेली वाहिनी शिवणे, आणि शिवण्याजोगी नसेल तर तिच्या जागी दुसरी नळी बसविणे, ही ती वाट होय. मोठ्या वाहिन्यांच्या बाबतीत ही विद्या आज इतकी रुळली आहे की तिचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु पेन्सिलीपेक्षाही बारीक वाहिनीसाठी, म्हणजे गुडघ्याखालच्या किंवा हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमनीसाठी, मनाजोगती कृत्रिम नळी अजूनही पूर्णपणे साधलेली नाही. सत्तरपंचाहत्तर वर्षे उत्तमोत्तम माणसे यामागे लागलेली असताना हे असे का व्हावे, हा आजच्या निबंधाचा प्रश्न आहे.

आरंभ आपल्याकडूनच करू. सुश्रुतसंहितेत रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. संधान म्हणजे जखमेच्या कडा जोडणे, स्कंदन म्हणजे रक्त गोठविणे, पाचन म्हणजे भस्मादिकांनी व्रण सुकविणे आणि दहन म्हणजे डाग देणे. यांतील पहिल्या दोन शब्दांत आमचा सगळा विषय सामावला आहे. शल्यवैद्याला वाहिनीचे संधान करावयाचे असते; पण संधान केले की त्या जागी स्कंदन सुरू होते. जे गोठणे जखमी माणसाला तारते तेच जोडलेली वाहिनी बुजवून टाकते. ज्या मित्रावाचून जगता येत नाही त्यालाच उंबऱ्याबाहेर थोपवून धरावयाचे, असे हे अवघड काम आहे.

युरोपातही बराच काळ डागणीचाच अंमल होता. फ्रान्सच्या आंब्रूआज पारे या शल्यवैद्याने १५५२ मध्ये दांव्हिलेच्या वेढ्यात पाय कापल्यावर तापलेल्या लोखंडाऐवजी दोऱ्याने वाहिन्या बांधल्या. ही मोठीच सुधारणा होती. परंतु बांधणे म्हणजे वाहते पाणी बंद करणे. पाट दुरुस्त करणे नव्हे.

पाट दुरुस्त करण्याची विद्या एका खुनामुळे पुढे आली असे म्हटले तरी चालेल. २४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना लियों शहरात एका मारेकऱ्याने भोसकले. यकृताकडे जाणारी मोठी शीर तुटली होती आणि ती शिवण्याचे धाडस त्या काळच्या शल्यवैद्यांना नव्हते. कार्नो गेले. त्याच शहरात आलेक्सी कारेल नावाचा वीस वर्षांचा तरुण वैद्यक शिकत होता. तुटलेली वाहिनी शिवता आली पाहिजे, हा विचार त्याच्या मनात ठाण मांडून बसला. बारीक टाक्यांची कला तो शिकला ती मादाम लरूदिये या भरतकाम करणाऱ्या बाईंकडून. वाहिनीच्या गोल तोंडावर तीन टाके समान अंतरावर घालून ते ताणले की वर्तुळाचा त्रिकोण होतो, आणि सरळ कडेवर शिवण घालणे सोपे जाते. ही युक्ती त्याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. भरतकामाच्या सुईने मिळविलेला हा मान आमच्या घरोघरच्या शिवणकाम करणाऱ्या भगिनींनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

यापाठोपाठ, तुटलेला तुकडा मोठा असेल तर रुग्णाच्याच पायातील नीला काढून धमनीच्या जागी लावण्याचे प्रयोग झाले. माद्रिदच्या गोयानेस याने १९०६ मध्ये हे करून दाखविले. तरी रणांगणावर ही विद्या पोचली नव्हती. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या धमन्यांच्या २,४७१ जखमांचा हिशेब डिबेकी आणि सिमियोन या दोघांनी १९४६ मध्ये मांडला. बहुतेकांच्या वाहिन्या केवळ बांधल्या होत्या, आणि अशा बांधलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे अवयव कापावे लागले. पुढे कोरियाच्या युद्धात जखमींना लवकर इस्पितळात नेऊन वाहिन्या शिवण्यात आल्या तेव्हा हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले. शंभर पायांपैकी पन्नास गमावणे आणि तेरा गमावणे, या दोन आकड्यांतील अंतर ही कारेलच्या टाक्याची आणि वेळेवर पोचलेल्या मदतीची किंमत होय.

परंतु शिरेचा साठा काही अक्षय नाही. शरीराच्या मधोमध जाणाऱ्या महाधमनीला तर पायातील शीर पुरतच नाही. म्हणून नळी बाहेरून आणावी हा विचार आला. काच, अॅल्युमिनियम, मेण चढविलेली चांदी अशा नळ्या लावून पाहिल्या. त्या थोड्याच वेळात गुठळ्यांनी बुजत. शल्यवैद्यांची समजूत अशी होती की भिंत जितकी गुळगुळीत तितके रक्त सुखाने वाहील. ही समजूत मोडली ती न्यूयॉर्कमध्ये, आणि तीही एका चुकीमुळे.

१९४७ मध्ये आर्थर व्हूरीज हा तरुण शल्यवैद्य कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करीत होता. एका शस्त्रक्रियेत रेशमाचा एक टाका चुकून हृदयाच्या पोकळीतून आरपार राहिला. काही महिन्यांनी पाहतो तो त्या दोऱ्यावर हृदयाच्या आतल्या अस्तरासारखा चकचकीत पापुद्रा चढलेला! दोऱ्यावर जर शरीर असे अस्तर चढविते तर कापडाच्या नळीवर का चढविणार नाही, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने विन्यॉन-एन या कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी शिवली, कुत्र्याच्या महाधमनीत बसविली आणि आपल्या सहकाऱ्यांसह १९५२ मध्ये हे काम प्रसिद्ध केले. कापडाच्या छिद्रांतून थोडे रक्त पाझरते, तेथे गोठते, आणि ते गोठलेले रक्तच नळीचे अस्तर बनते. म्हणजे स्कंदनाला हाकलून न देता त्याला भिंतीत गवंडी म्हणून राबविण्याची ही युक्ती होती.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी गावातील मोठ्या दुकानात नायलॉनचे कापड घ्यावयास गेले. नायलॉन संपले होते. दुकानदाराने डॅक्रॉन नावाचे नवे कापड पुढे केले. डिबेकींनी ते घरी नेऊन पत्नीच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. शिवणकाम त्यांना लहानपणी आईने शिकविले होते. पुढे कळले की नायलॉन शरीरात कालांतराने कमजोर होते आणि डॅक्रॉन टिकते. डॅक्रॉन म्हणजे आपले पॉलिएस्टर. आमच्या पाम, टेंभी, कुंभवली, कोलवडे, सालवडच्या शिवारात उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आहेत. पॉलिएस्टर हा शब्द येथील कामगाराला नवा नाही. अंगावरच्या शर्टाचा आणि महाधमनीच्या नळीचा धागा जातीने एकच आहे हे ऐकून त्याला मौज वाटेल. वाकविल्यावर नळी दुमडून बंद होऊ नये म्हणून तिला चुण्या पाडण्याची कल्पनाही एका शल्यवैद्याने आणि एका धाग्याच्या कारखान्यातील रसायनज्ञाने मिळून काढली.

डिबेकींच्या कथेचा शेवट मोठा विलक्षण आहे. डिसेंबर २००५ च्या अखेरीस, वयाच्या सत्त्याण्णव्या वर्षी, त्यांचीच महाधमनी आतून फाटली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्या शिष्यपरंपरेतील शल्यवैद्यांनी त्यांना डॅक्रॉनची नळी बसविली. ते बरे झाले आणि जुलै २००८ मध्ये शंभरीला थोडे उणे असताना वारले.

येथवरची कथा यशाची आहे. आता अपयशाकडे वळू. कारण विद्येचा खरा इतिहास बहुधा तेथेच असतो.

महाधमनीची नळी वीस मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. हृदयाची धमनी तीन-चार मिलिमीटर, आणि जेथे जोड घालावयाचा तेथे त्याहून बारीक. पायाच्या धमन्या गुडघ्याखाली अशाच. तीच डॅक्रॉनची नळी लहान करून येथे लावली तर ती बुजते. सहा मिलिमीटर ही साधारणपणे लक्ष्मणरेषा मानली जाते. तिच्या अलीकडे कृत्रिम नळीचा भरवसा उरत नाही.

याचे एक कारण साध्या गणिताचे आहे. फ्रान्सच्या प्वाझय याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की दाब तोच असता नळीतून जाणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. रुंदी निम्मी केली की प्रवाह निम्मा होत नाही; सोळावा हिस्सा होतो. आता समजा, नळीच्या आत चोहोबाजूंनी अर्धा मिलिमीटर थर साचला. वीस मिलिमीटरची नळी एकोणीसची झाली. प्रवाह चार पंचमांश उरला, रोग्याला पत्ताही लागला नाही. तोच थर तीन मिलिमीटरच्या नळीत साचला तर दोन मिलिमीटर उरतात, आणि प्रवाह एक पंचमांशावर येतो. थर सारखाच, पण एका घरी तो धुळीसारखा, दुसऱ्या घरी दरडीसारखा. शिवाय प्रवाह मंदावला की गोठविणारी द्रव्ये वाहून न जाता तेथेच घोटाळतात आणि थर अधिकच वाढतो. पावसाळ्यात तुंबलेले गटार ज्याने पाहिले आहे त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको.

दुसरे कारण रक्ताच्या स्वभावात आहे. गुठळी होण्यास तीन गोष्टी कारण होतात, वाहिनीची भिंत, रक्ताचा वेग आणि रक्ताची घडण, असा विचार जर्मन वैद्य फिर्खो याच्या १८५६ च्या लेखनापर्यंत मागे नेता येतो. परक्या भिंतीला रक्त लागले की काही क्षणांतच रक्तातील प्रथिने तिला चिकटतात. आधी जी विपुल आहेत ती येतात, मग त्यांना बाजूस सारून जास्त चिकट अशी दुसरी येतात. हा अदलाबदलीचा क्रम लिओ व्रोमान यांनी १९६० च्या दशकात उलगडला. हे गृहस्थ रक्तशास्त्रज्ञ होते आणि डच भाषेतील नामांकित कवीही होते. या प्रथिनांपैकी फायब्रिनोजेन भिंतीवर बसले की बिंबाणू, म्हणजे आपण ज्यांना प्लेटलेट म्हणतो त्या, त्याला धरतात, आणि गुठळीचा पाया पडतो. तेव्हा रक्ताला मूळ कापड दिसतच नाही. कापडावर चढलेला प्रथिनांचा थर तेवढा दिसतो. रंगरेजाचे काम जसे पहिल्या हातावर ठरते तसे नळीचे भवितव्य या पहिल्या थरावर ठरते.

तिसरे कारण जोडाच्या जागी आहे. जिवंत धमनी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि ओसरते. कापडाची नळी ताठ राहते. या दोहोंच्या सांध्यावर रक्त भोवरे घेते, भिंतीला ओढाताण सोसावी लागते, आणि धमनीच्या स्नायुपेशी जखम भरून काढण्याच्या नादात वाढत वाढत तोंडच बुजवितात. गुठळी पहिल्या दिवसांतला शत्रू, तर ही वाढ महिन्या-दोन महिन्यांनी येणारा.

या शत्रूंना तोंड देण्याचे उपाय अनेकांनी केले. निरोगी वाहिनीच्या आतल्या भिंतीवर ऋण विद्युत्भार असतो हे फिलिप सॉयर यांनी १९५० च्या दशकात दाखविले, तेव्हा कृत्रिम भिंतीलाही तसाच भार द्यावा असे प्रयत्न झाले. १९१६ मध्ये जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या हाती लागलेले हेपरिन हे रक्त गोठू न देणारे द्रव्य भिंतीलाच चिकटवून टाकावे, ही कल्पना व्हिन्सेंट गॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ग्राफाइटच्या लेपावर साधली. पुढे हेपरिनच्या रेणूचे एक टोक भिंतीला बांधून उरलेला भाग रक्तात मोकळा सोडण्याची रीत निघाली. खुंटीला बांधलेली गाय जशी दावणीच्या टप्प्यात चरते तसा तो रेणू आपले काम करीत राहतो. १९७० च्या दशकात दार्दिक बंधूंनी नवजात बालकाच्या नाळेतील शीर कमावून तिच्यावर पॉलिएस्टरची जाळी चढविली आणि पायात बसविली. जन्माची नाळ वार्धक्यातील पाय वाचविण्याच्या कामी यावी, ही कल्पना हृद्य खरी. परंतु काही वर्षांनी त्या नळ्यांना फुगवटे येऊ लागले.

सर्वांत टिकली ती टेफ्लॉनच्या कुळातील नळी. टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अपघातानेच सापडले. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी त्याची तापलेली कांडी हळूहळू ताणण्याऐवजी चिडून एकदम हिसका देऊन ओढली, आणि ती न तुटता सूक्ष्म छिद्रांनी भरलेली, हलकी व मजबूत अशी लांबली. त्याच पदार्थाच्या नळ्या १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पायांत बसू लागल्या. तरीही १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेने सर्वांना जमिनीवर आणले. गुडघ्याखालच्या धमन्यांना जोडलेल्या नळ्यांत, चार वर्षांनी रुग्णाच्या स्वतःच्या शिरेपैकी ४९ टक्के उघड्या होत्या. टेफ्लॉनच्या फक्त १२ टक्के.

शरीराच्या शिरेजवळ असे काय होते जे उत्तमातल्या उत्तम कारखान्याजवळ नव्हते? याचे उत्तर १९७६ आणि १९८० मध्ये मिळाले. १९७६ मध्ये जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की वाहिनीची भिंत प्रोस्टासायक्लिन नावाचे द्रव्य सोडते आणि ते बिंबाणूंना एकमेकींस चिकटू देत नाही. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखविले की वाहिनीचे अस्तर शाबूत असेल तरच ती विशिष्ट इशाऱ्याने सैल होते. त्या अस्तरातून निघणारा दूत नायट्रिक ऑक्साइड हा वायू ठरला, आणि या शोधपरंपरेला १९९८ चे नोबेल मिळाले. ज्याला शतकानुशतके नुसते अस्तर समजत होते तो एकेरी पेशींचा थर रात्रंदिवस पहारा देणारा निघाला. तो रक्त पातळ राखतो, लहानसहान गुठळ्या विरघळवितो, आणि जखम झाली की त्याच रक्ताला गोठण्यास वाटही देतो.

आणि येथेच व्हूरीजच्या कुत्र्याचा खुलासा होतो. कुत्र्याच्या शरीरात कापडाच्या नळीवर हे जिवंत अस्तर पसरते. माणसाच्या शरीरात ते दोन्ही टोकांकडून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर येते आणि थांबते. मधला भाग वर्षानुवर्षे उघडाच राहतो. मोठ्या नळीत हे खपून गेले, लहान नळीत खपले नाही. प्राण्यावर सिद्ध झालेले माणसावर सिद्ध झाले असे धरून चालणे किती महाग पडते, याचे हे उदाहरण आहे.

मग माणसाच्याच पेशी नळीत पेराव्यात हा मार्ग उघडला. माल्कम हेरिंग यांनी १९७८ मध्ये तो प्रथम चोखाळला. १९९९ मध्ये लॉरा निकलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या पेशी विरघळणाऱ्या जाळीवर पेरून, नाडीसारखे ठोके देत आठवडेच्या आठवडे वाढवून, प्रयोगशाळेत धमनी तयार केली. तो मार्ग पुढे असा गेला : मानवी स्नायुपेशींकडून नळी विणून घ्यावयाची, मग पेशी धुऊन काढावयाच्या, आणि उरलेला सांगाडा कोणाच्याही शरीरात बसवावयाचा, रुग्णाच्या पेशी त्यात हळूहळू वस्तीला येतात. युक्रेनच्या युद्धात जखमींवर ती वापरली गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामकाने हातापायाच्या धमन्यांच्या जखमांसाठी, जेथे रुग्णाची शीर वापरणे शक्य नाही तेथे, तिला परवानगी दिली. मात्र ती नळी किंवा तिचा जोड फाटून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो असा ठळक इशाराही सोबत दिला. आणि तिची रुंदी किती? सहा मिलिमीटर. लक्ष्मणरेषेपर्यंत आपण पोचलो. ती ओलांडणे अजून राहिले आहे.

आपल्या देशाचा वाटाही येथे नमूद केला पाहिजे. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदयारोपण केले तेव्हा जगात हे धाडस करणारी पथके बोटांवर मोजण्याइतकी होती. रोगी काही तासच जगला. पण आपली माणसे या रांगेत उभी राहिली. १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासच्या पेरंबूर रेल्वे रुग्णालयात भारतातील पहिली हृदयधमनीची बायपास शस्त्रक्रिया केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियातन यांच्या नेतृत्वाखाली देशी हृदयझडप घडली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम माणसाला बसविली. तिची शिवणकडा पॉलिएस्टरची. मुंबईच्या आय. आय. टी.त प्रा. जयेश बेल्लारे यांच्या गटाने डायलिसिससाठी केसासारख्या पोकळ तंतूंवर काम केले आहे. तेथेही प्रश्न हाच की रक्ताने परक्या भिंतीवर रुसू नये.

हा सारा इतिहास आम्ही पाम-बोईसरच्या श्रोत्यांपुढे का मांडावा? हा प्रदेश यंत्रांचा आहे. १९६९ पासून येथे अणुवीज तयार होते, कारखान्यांचे भोंगे वाजतात, महामार्ग आणि रेल्वे आमच्या दारातून जातात. यंत्रात हात सापडणे, अपघातात पाय चिरडणे आम्हांला अपरिचित नाही. मधुमेहाने पायाच्या वाहिन्या बुजलेली आणि डायलिसिससाठी हाताची शीर शोधत बसलेली माणसेही आमच्या आळीत आहेत. रक्त तुटलेला अवयव साधारण सहा तास वाट पाहतो. मुंबई येथून शंभरएक किलोमीटर आहे. कोरियाच्या तेरा टक्क्यांत टाक्याइतकाच वाटा लवकर पोचण्याचा होता, हे आम्ही विसरता कामा नये. बारीक नळी प्रयोगशाळेत सिद्ध होईल तेव्हा होईल. परंतु जखमीला वेळेत हलविणे, वाहिनी शिवणारा हात जिल्ह्यातच असावा असा आग्रह धरणे, आणि तंबाखू सोडून आपल्या जन्मजात अस्तराची राखण करणे, या गोष्टी आजच आमच्या हातच्या आहेत.

तारापूरच्या तटाखाली पडलेल्या त्या अनामिक शिपायाला संधान लाभले नाही. त्याच्या वारसांना ते लाभावे एवढ्यासाठी भरतकाम करणारी एक बाई, कापडाचा एक दुकानदार, एक चुकलेला टाका आणि कित्येक शास्त्रज्ञांची हयात खर्ची पडली आहे. उरलेले काही मिलिमीटरही माणूस ओलांडील, असा आमचा भरवसा आहे. आणि ते ओलांडणाऱ्यांत आमच्या या परिसरातील एखादी मुलगी किंवा मुलगा असावा, ही आमची इच्छा.